निळ्या काठाचा ट्रे

आधीच सांगते — हे वाचून मला कोणी अंगारा, ताईत किंवा एखाद्या महाराजांचा पत्ता पाठवू नये. ते सगळं आमच्या दवाखान्यातल्या सोनाबाईंचं करून झालं आहे, आणि त्यानंतर स्टरिलायझर मलाच राखेने घासावा लागला होता.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. होस्टेलच्या मुली एकमेकींना भुतांच्या गोष्टी सांगायला लागल्या की मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसायची. आपल्या या सदरात दर अंकात कोणाला ना कोणाला पिंपळाखाली पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, आणि मी पान उलटते. मला कोणीही दिसलेलं नाही. जे घडलं ते भर दिवसा, दाताच्या दवाखान्यात घडलं, आणि त्यात एका शहाण्या माणसाचा हात भाजला. म्हणून लिहिते आहे. लिहायला सोपं जातं... तोंडाने सांगायला मला कधीच जमलं नाही.

दवाखाना कासारवाडीला आहे. स्टेशनवरून मुंबई–पुणे रस्त्याकडे आलं की एक लांबट कौलारू इमारत लागते, तिच्यातल्या शेवटच्या तीन खोल्या. पुढे पडवीत पेशंटांचा बाक. मधल्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची आणि शिवणयंत्रासारखं पायाने चालवायचं ड्रिल. मागच्या खोलीत माठ, औषधांचं कपाट, रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्यावर स्टरिलायझर — म्हणजे झाकणाचा एक लांबट तांब्याचा डबा, ज्यात हत्यारं उकळायची. मधल्या आणि मागच्या खोलीत दार होतं, पण ते कधी लागत नसे. फुगलं होतं. हे सगळं इतकं बारकाईने सांगते आहे, कारण नंतर लोक विचारतात, "मागून कोणी आलं असेल का?" मागे खिडकी नव्हती. दारही नव्हतं.

डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. हात सोन्याचा होता त्यांचा. दात निघाला तरी माणूस तोंड उघडं ठेवून वाट बघत बसायचा. धीर मात्र अजिबात नव्हता. वडील गेल्यावर मी चिंचवडगावात आत्याकडे राहायला आले, तेव्हा आत्यानेच डॉक्टरांना सांगितलं, "मुलगी शांत आहे, इंग्रजी येतं, कागदपत्र बघेल." एवढ्यावर मला ठेवलं. आमच्याबरोबर तिसऱ्या सोनाबाई. जवळच्याच गावच्या, पन्नाशीच्या. झाडलोट, पाणी आणि रॉकेल त्यांच्याकडे.

स्टरिलायझरबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. डॉक्टरांनी ती उघडलीही नव्हती. मी पाठ केली. काचेची सिरिंज आधी सुटी करायची, नळी वेगळी, दट्ट्या वेगळा. दोन्ही गॉझमध्ये गुंडाळायचे, नाहीतर उकळताना आपटून तडकतात. गार पाण्यातच ठेवायचे, मग स्टोव्ह पेटवायचा, आणि पाण्याला उकळी फुटल्यापासून वीस मिनिटं मोजायची. चार पदरी मलमलीचा मास्क मी स्वतः शिवला. खरं सांगायचं तर मास्क मला जंतूंसाठी जितका हवा होता, तितकाच दुसऱ्या कारणासाठी — चेहरा झाकलेला असला की माणसं आपल्याशी कमी बोलतात.

आता ट्रेचं सांगते, कारण सगळा त्रास तिथून सुरू झाला.

आमच्याकडे दोन इनॅमलचे ट्रे होते. एक साधा पांढरा, एक निळ्या काठाचा. पांढरा 'बाहेरच्यांचा' — पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातले सिंधी, औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर आलेले मजूर, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं. निळ्या काठाचा 'घरच्यांचा'. घरचं कोण आणि बाहेरचं कोण, हे डॉक्टर आडनाव ऐकून ठरवत. बाहेरच्या माणसासाठी ते रबरी ग्लोव्हज घालत, आणि त्याची हत्यारं, सिरिंज, सुई सगळं पूर्ण वीस मिनिटं उकळायचं अशी सक्त ताकीद होती. घरच्या माणसाला मात्र उघडा हात. आणि निळ्या ट्रेमधली सिरिंज नुसती गरम पाण्याने विसळायची, सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, की लगेच पुढच्याला.

म्हणजे ज्याला लांब ठेवायचं त्याला स्वच्छ सुई, आणि ज्याला जवळचा म्हणायचं त्याला आदल्या माणसाची!

मी एकदा, सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, "डॉक्टर, पुस्तिकेत लिहिलंय की प्रत्येक वेळी..."

"मिस," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आत्याच्या घरी पाहुणा जेवून गेला की ताट उकळून ठेवता का?"

"नाही, पण—"

"मग? ही आपली माणसं आहेत. त्यांच्यासमोर हत्यारं उकळली तर उद्या दारात पाऊल ठेवणार नाहीत. आणि कसली भीती घालता? तिकडे पिंपरीत पेनिसिलिन करायला निघालेत, आणि तुम्ही अजून जंतू-जंतू करताय!"

सोनाबाई दारात फडकं पिळत होत्या. "ताई, तुमी लई शिकल्यात. पर डाक्टरला शिकवाया जाऊ नगा," म्हणाल्या. मी गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पहिली घटना शिमग्याच्या आठवड्यातली. खुर्चीवर गावचे एक पाटील होते. साठीचे, धिप्पाड, फेटा मांडीवर काढून ठेवलेला. दाढ सडली होती. डॉक्टर म्हणाले, "मिस, निळा ट्रे." मी मागच्या खोलीत गेले, तर ट्रे रिकामा. स्टोव्हवर पांढऱ्या ट्रेची हत्यारं उकळत होती. झाकण उचललं तर त्यांच्याबरोबर निळ्या ट्रेची सिरिंजही उकळत होती. सुटी केलेली, गॉझमध्ये नीट गुंडाळलेली, गॉझचं टोक आत खोचलेलं.

मी जशी खोचते तसं.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"मी नाही ठेवलं."

"मग सोनाबाईंनी ठेवलं? त्यांना सिरिंज सुटी करता येते?"

येत नव्हती. डॉक्टरांनी तर गॉझ कधी हातातही घेतला नसेल. संपूर्ण कासारवाडीत हे काम असं करणारी एकटी मीच होते, आणि मी ते केलं नव्हतं. करावंसं रोज वाटत होतं, धीर होत नव्हता. आणि जे करायचा मला धीर नव्हता, त्याबद्दल मी तिथे उभी राहून बोलणी खात होते. याच्याइतका संताप आणणारा प्रकार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एवढ्यात पाटलांनी खुर्चीतून मान वळवली. उघड्या दारातून वाफ दिसली असणार. "डाक्टर, माझ्यासाठी उकळाया घातलं व्हय? आमी काय बाटल्यालो हाय?"

"छे छे, पाटील! चूक झाली पोरीची."

"न्हाई, तसं आसंल तर सांगा. दाढ घिऊन जातो घरला."

डॉक्टर हसले, पाटील हसले. डॉक्टरांनी कपाटातून दुसरी सिरिंज काढली. सकाळी ती दुसऱ्या एका घरच्या माणसाला वापरली होती आणि विसळून ठेवली होती, हे मला माहीत होतं, कारण विसळली मीच होती. तीत भुलीचं औषध भरलं आणि टोचलं. मी ट्रे धरून उभी होते. शेजारच्या खोलीत स्वच्छ सिरिंज उकळत पडली होती. तोंडावर मास्क होता. मास्क नसता तरी मी काही बोलले असते असं नाही.

पाटील खूश होऊन गेले.

दुसऱ्यांदा तेच झालं, चैत्रात. पुन्हा निळा ट्रे रिकामा, पुन्हा गॉझची तशीच गुंडाळी. डॉक्टर म्हणाले, "मिस, हा हट्टीपणा आहे. सरळ सांगा की मला पटत नाही, मी करणार नाही." मी म्हटलं, "मला पटत नाही, पण मी केलं नाही." त्यांना ते वाक्य कळलं नाही. मलाही अवघडच होतं ते.

सोनाबाईंनी मात्र शपथ घेतली. "म्या न्हाई हात लावला, देवाशप्पथ. ताईनंबी न्हाई लावला, ताई म्होरल्या खोलीत व्हती. म्या बघत व्हते."

"मग कोणी लावला?"

"जे मानूस सुईपायी गेलं आसंल, त्येचं काम हाय ह्ये," सोनाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कुठूनसा अंगारा आणून स्टरिलायझरला फासला. वर दोऱ्यात लिंबू-मिरची बांधली. हत्यारं निर्जंतुक करायच्या डब्यावर! मी सकाळी येऊन बघते तर लिंबू वाफेने शिजून डब्यात पडलेलं, पाणी पिवळट, सगळ्या पकडींना मिरचीचा वास. त्या दिवशीच्या पहिल्या पेशंटची जीभ बहुतेक झोंबली असावी. तो फार लवकर उठून गेला.

"ही दाताची डिस्पेन्सरी आहे की भजीचं दुकान?" डॉक्टर ओरडले... माझ्यावर. सोनाबाईंवर कोणीच ओरडत नसे.

मग मी ठरवलं, याचा छडा लावायचा. ज्येष्ठ महिन्यात एका सकाळी सिरिंजसकट निळा ट्रे टेबलावर ठेवला, वर फडकं घातलं, फडक्याच्या चार कोपऱ्यांवर चार बाटल्या ठेवल्या आणि समोर स्टूल टाकून बसले. स्टोव्हवर पांढऱ्या ट्रेची हत्यारं उकळत होती. सोनाबाई अंगणात झाडत होत्या, खराट्याचा आवाज येत होता. डॉक्टर मधल्या खोलीत एका मास्तरांच्या दाताला ड्रिल लावून बसले होते, पाय चालू होता. मी एकदाही उठले नाही. डुलकी लागली असेल म्हणणाऱ्यांना सांगते, मी स्वेटर विणत होते आणि एकही टाका सुटला नाही. डॉक्टरांनी हाक मारली, मी बाटल्या उचलल्या, फडकं काढलं.

ट्रे रिकामा. डब्याचं झाकण उडत होतं. आत गॉझ.

मी भ्यायले असं कोणाला वाटत असेल. नाही. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. करायचंच आहे तर डॉक्टरांसमोर कर की! माझ्या हाताची नक्कल कशाला?

डॉक्टरांनी ड्रिलवरचा पाय थांबवला. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. "मिस, शेवटचं सांगतो. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. तुमच्या आत्याला काय सांगायचं ते माझं मी बघेन."

त्यानंतर दोन महिने काही झालं नाही. निळा ट्रे जिथे ठेवावा तिथे राही. मी विसळत होते, पुसत होते.

श्रावणात आत्याची दाढ दुखायला लागली. तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. बाबा गेल्यावर नातेवाइकांत माझी बरीच चर्चा झाली — हिला मराठी नीट येत नाही, स्वयंपाक येत नाही, हिला कोण ठेवणार. आत्या त्यातलं काहीच न बोलता होस्टेलवर आली, माझी ट्रंक स्वतः उचलली आणि म्हणाली, "चल, बेबी." ती एकटीच राहत होती. मलाही तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि आजही नाही. म्हणून त्या सकाळी काय पणाला लागलं होतं ते सांगायला मला मोठे शब्द लागत नाहीत.

तिला मी पडवीत बसवलं. तिच्याआधी आत पाटील होते. तेच पाटील. पाच महिन्यांनी आले होते, यावेळी दुसऱ्या बाजूची दाढ. अंगावरचे कपडे सैल झाले होते. "भूक लागंना झालीया डाक्टर, दाढंचाच तरास आसंल," म्हणत होते. डॉक्टरांनी निळ्या ट्रेमधली सिरिंज घेऊन टोचलं, दाढ काढली. पाटील चूळ भरायला खिडकीकडे वळले आणि उजेड त्यांच्या डोळ्यांवर पडला.

डोळे पिवळे होते. हळदीसारखे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं — नीट न उकळलेल्या सुईवाटे काविळीचा संसर्ग होऊ शकतो, आणि लक्षणं कित्येक महिन्यांनी दिसू शकतात. मी ते पान इतक्यांदा वाचलं होतं की ते आता डोळ्यांसमोर छापल्यासारखं उभं राहिलं.

"पाटील, डोळे पिवळे दिसतात," डॉक्टर म्हणाले.

"व्हय, पित्त झालंय. काविळीची माळ घालनार हाय उद्या, वैदूकडनं."

"घाला, घाला. बरं वाटेल." आणि पाटील बाहेर पडायच्या आत डॉक्टरांनी पडवीकडे हाक मारली, "या, या आत्याबाई! बसा. मिस, ती सिरिंज विसळून आणा. निळाच ट्रे, घरचंच माणूस आहे."

मी ट्रे घेऊन मागच्या खोलीत आले. आता सांगते ते सांगायची लाज वाटते. मी ट्रे टेबलावर ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि वाट बघत उभी राहिले. म्हटलं, कर. जे कोण असशील ते, आज कर. तीनदा नको असताना केलंस, आज मी तुला अडवणार नाही. मी तीसपर्यंत आकडे मोजले.

वळून पाहिलं. सिरिंज ट्रेमध्येच होती. सुईच्या टोकाशी पाटलांच्या रक्ताचा बारीकसा ठिपका.

स्टोव्हही बंद होता. रॉकेल संपलं होतं आणि सोनाबाई डबा घेऊन दुकानात गेल्या होत्या. सकाळपासून त्यावर काहीच उकळलं नव्हतं. स्टरिलायझर रिकामा, गार.

"मिस, झालं का?"

मी काय केलं ते मला नीट आठवतं. मी सिरिंज सुटी केली. गॉझमध्ये गुंडाळली, टोक खोचलं, सुई वेगळी काढली. माठातून दोन तांबे पाणी स्टरिलायझरमध्ये ओतलं आणि सगळं त्यात बुडवलं. माझ्या बोटांना पाण्याचा गारवा लागला. आणि मग मी दारात जाऊन उभी राहिले, मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "डॉक्टर, थांबावं लागेल. सोनाबाई रॉकेल घेऊन येईपर्यंत, आणि मग वीस मिनिटं."

डॉक्टरांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ते म्हणाले, "काय?"

"ती सुई मी आत्याला लावू देणार नाही."

आत्या खुर्चीत ताठ झाली. "बेबी! अगं काय हे? चारचौघांत? मी काय परकी आहे का, मला उकळून द्यायला?"

"आत्या, प्लीज."

"प्लीज काय! डॉक्टर काय म्हणतील? आपण त्यांच्या घरच्यासारखे. कॅम्पातल्या माणसांसारखं मला..." खरोखर अपमान वाटला होता तिला. ज्या बाईने माझी ट्रंक उचलली होती, तिला मी अस्पृश्य ठरवते आहे असं तिला वाटत होतं, आणि हे सगळं मी तिच्यासाठीच करत होते. वैतागून माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा.

"त्यांना स्वच्छ मिळतं, आत्या! कॅम्पातल्यांना स्वच्छ मिळतं! घाण फक्त आपल्याला मिळते!"

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला सांगितलं होतं मी. उद्यापासून येऊ नका." त्यांनी मला बाजूला केलं आणि मागच्या खोलीत गेले. "गार पाण्यात बुडवून ठेवली, म्हणे उकळणार! तमाशा नुसता—" आणि गॉझची गुंडाळी काढायला त्यांनी उजवा हात पाण्यात घातला.

ते असे ओरडले की बाहेर रस्त्यावरचा टांगा थांबला.

हात त्यांनी वर ओढला. बोटांपासून मनगटापर्यंत तो लाल झाला होता. डब्यातलं पाणी उकळत होतं. कोमट नव्हे, कढत नव्हे, खदखदून उकळत होतं; गॉझची गुंडाळी त्यात वर-खाली होत होती आणि काच आतल्या आत किणकिणत होती. मी ते पाणी माठातून ओतल्याला दोन मिनिटंही झाली नव्हती. मी वाकून स्टोव्हला तळवा लावला. थंड. आगपेटीसुद्धा खोलीत नव्हती, सोनाबाईंच्या कनवटीला असायची.

डॉक्टर आणि मी, दोघंही त्या डब्याकडे बघत उभे राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही... मी वीस मिनिटं म्हणणार होते, पण घड्याळ पाहिलं नव्हतं. मग बुडबुडे कमी झाले आणि थांबले. आत्या दारात आली होती. "अगं बाई, केवढं भाजलं! बेबी, खोबरेल आण," ती म्हणाली. तिने स्टोव्हकडे पाहिलंच नाही.

त्या दिवशी आत्याची दाढ निघाली नाही. दात काढणार कोण? हात बांधून डॉक्टर तीन आठवडे घरी बसले.

मला काढल्याचं ते पुन्हा बोलले नाहीत, मीही आठवण करून दिली नाही. ते परतले तेव्हा हाताची कातडी नवी, नाजूक झाली होती. त्यामुळे ग्लोव्हज घालावे लागायचे, आणि अर्थातच सगळ्यांसाठी. घरच्यांनी विचारलं की म्हणायचे, "हात भाजलाय." मग कोणाचा अपमान होत नसे. कातडी बरी झाल्यावरही त्यांनी ग्लोव्हज सोडले नाहीत. एके दिवशी निळ्या काठाचा ट्रे सोनाबाईंना देऊन टाकला. सोनाबाई त्यात आता पापड वाळवतात. आत्याची दाढ भाद्रपदात काढली, वीस मिनिटं उकळलेल्या हत्यारांनी. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, पण ती ठणठणीत आहे.

भाजल्याबद्दल मी डॉक्टरांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "स्टोव्ह चालू असणार, मिस." मी म्हटलं, "रॉकेल नव्हतं." ते म्हणाले, "मग असेल काहीतरी," आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर मागच्या खोलीत आपोआप काहीही हललेलं नाही. ओळखीच्या लोकांनी मला बरीच स्पष्टीकरणं दिली आहेत. एका प्रोफेसरांनी तर तांब्याच्या गुणधर्मांवर चार पानांचं पत्र लिहिलं. ते वाचून मला एवढंच कळलं, की त्यांनी कधी स्वतः पाणी उकळलेलं नाही.

पाटील दिवाळीआधी गेले. माळ घातली होती, पुण्यालाही नेलं होतं.

मागच्या महिन्यात त्यांची बायको दवाखान्यात आली. पहिल्यांदाच. मी तिला खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती फडकं बांधलं. तिने ट्रेकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, ह्ये उकळल्यालं हाय?"

"हो. वीस मिनिटं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "शिमग्याला घरी यिऊन लई कवतिकानं सांगत व्हते. म्हनं, डाक्टरनं मला उकळल्यालं न्हाई दिलं, घरच्यातलं दिलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "उकळल्यालं व्हतं का वं तवा? आसून दिलं न्हाई?"

डॉक्टर हात धूत होते. पाण्याचा आवाज बंद झाला.

स्टोव्हशिवाय पाणी कसं उकळलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मिळेल अशी आशाही मी सोडून दिली आहे. तिने जे विचारलं त्याचं उत्तर होतं. मी मास्क वर ओढला आणि म्हटलं, "तोंड उघडा."